फेव्रोन्याचा उजवा हात

आमच्या छापखान्यात निकांद्र पाफ्नुतिच दगडावर वाकलेला असला की कुणी खोकायचं नाही, असा नियमच होता. हा नियम सगळ्यात जाचक मला, कारण माझं कामच खोकल्याचं. कागदावर जिथे चिकट रोगण छापलेलं असेल तिथे सशाच्या पायाने पितळेची पूड फासायची, उरलेली झटकायची, की झालं सोनं. वीस वर्षं मी हे केलं. अजूनही खोकले की रुमालावर हिरवट डाग पडतो. निकांद्र मान वर न करता म्हणायचा, "उस्तिन्या, अंगणात जा. माझी रेघ हलते." आणि मी मुकाट्याने जायचे, बाहेर बर्फ असो की चिखल. मला त्याचा भयंकर राग यायचा. आणि त्याला सगळ्यांत जवळून ओळखत होते तीही मीच, कारण आमच्या खोल्या एकाच अंगणात समोरासमोर होत्या.

त्याचं काम दगडावर चित्र काढायचं. जर्मनीहून आलेले गुळगुळीत चुनखडीचे दगड, एकेक उचलायला दोन माणसं लागत. त्यावर तेलकट शाईने काढलेलं सगळं कागदावर उमटतं, पण उलटं. उजवं ते डावं होतं, डावं ते उजवं. म्हणून दगडावर मुळातच उलटं काढावं लागतं. नवशिके समोर आरसा ठेवतात. निकांद्रने आरशाला कधी हात लावला नाही. चाळीस वर्षं उलटं काढून त्याला तेच सुलट वाटायला लागलं होतं आणि त्याची त्याला घमेंडही होती. छापून आलेला कागद तो बघायचासुद्धा नाही. "कागद लोकांसाठी," म्हणायचा, "माझं काम दगडावर संपलं."

क्ल्याझ्मा नदीकाठचं आमचं गाव कापडावरच जगायचं. साव्वाती कुझ्मिच गोरोदिलोव यांची छिटाची गिरणी, आणि गिरणीच्या कुंपणाला लागून त्यांचाच छापखाना. प्रत्येक ताग्याच्या तोंडावर चिकटवायचं रंगीत चित्र, दुकानांत टांगायचे मोठे तक्ते, सगळं तिथे छापलं जायचं. ताग्यावर गिरणीचं नाव असायचं, पण ते वाचणारे किती? बुखाऱ्याचा व्यापारी असो की सैबेरियातली शेतकरीण, चित्र बघूनच कापड मागायचे. आमच्या कापडाला सगळीकडे "बाईचं छीट" म्हणत.

ती बाई म्हणजे निकांद्रची बायको फेव्रोन्या. हे गिरणीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, मालकाच्याही नाही. पहिल्या चित्रात ती गवत कापणारी, लाल रुमाल बांधलेली तरणी पोर होती. मग कडेवर मूल घेतलेली आई झाली. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, ते फक्त ताग्यावरच. मग चित्रातली बाई जाड झाली, चहाच्या समोवाराशी बसायला लागली आणि शेवटी आजी झाली. सगळं जग तिला ओळखत होतं आणि ती आमच्या अंगणात कोबी चिरत बसलेली असायची.

ही गोष्ट घडली त्याच्या तीन वर्षं आधी, ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासात, फेव्रोन्यामावशी धुणं धुताना कोसळली आणि तिचं उजवं अंग गेलं. तेव्हापासून ती खिडकीशी खुर्चीत. सकाळ-संध्याकाळ निकांद्र तिच्यासमोर उभा राहायचा, तिचा मेलेला उजवा हात आपल्या हातात घ्यायचा, बोटं जुळवायचा आणि तिच्याकडून क्रुसाची खूण करवून घ्यायचा. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा. मी माझ्या दारातून बघायचे आणि तेवढ्यापुरता त्याच्यावरचा राग विसरायचे.

दुपारी तो कामावर असे. तिला कोबीचं कढण भरवायला मी जायचे. दुपारची घंटा झाली की मावशी आधी दाराकडे बघायची आणि मग डाव्या हाताने खूण करायची. आमच्याकडे डाव्या हाताने खूण करणं म्हणजे सैतानाला घरात बोलावणं. शेजारणींनी पाहिलं असतं तर तिच्या अंगणातल्या विहिरीचं पाणीसुद्धा भरलं नसतं. मावशी म्हणाली, "देवाला कळतं गं. बायकांना नाही कळायचं. आणि ह्यांना तर अजिबात सांगू नकोस, ह्यांचं काळीज फाटेल." मी नाही सांगितलं. पण एकदा निकांद्र विसरलेला चष्मा न्यायला भर दुपारी आला, नेमकी घंटा झाली, आणि तो दाराबाहेरच थबकला. त्याने बघितलं. तिने त्याला नाही बघितलं. तो तसाच वळला आणि चष्म्याशिवाय परत गेला. मी त्याच्या अंगाला अंग लागेल इतक्या जवळून कढण घेऊन आत गेले, पण आम्ही दोघांनी एकमेकांना काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

आता त्या आठवड्याची गोष्ट. निझनीचा मोठा बाजार तोंडावर आला होता. तिथे प्रत्येक दुकानावर टांगायला दहा रंगांचा, गिरणीची सोनेरी पदकं मिरवणारा मोठा तक्ता हवा होता. चित्र ठरलं होतं: सणाचा दिवस, सगळं घर नवं छीट नेसतंय, वरच्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरी आणि खाली आजी. दगड तयार होते. छपाई सुरू व्हायच्या आदल्या सकाळी मालक आले, त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांची दाढी हलायला लागली. देवासमोर बसलेली म्हातारी आणि तिचे हात मांडीवर? ही काय नास्तिकाची आई आहे? तिला खूण करताना दाखवा.

मालक जुन्या पंथाचे. ते दोन बोटांनी खूण करत आणि आम्ही चर्चला जाणारे तीन बोटांनी. या बोटांपायी आमच्याकडे आजवर माणसं जाळली गेली आहेत. छापखान्याचा कारभारी ल्युबिम अवेरिच पांढराफटक पडला. दोन बोटं काढली तर सरकारी धर्माविरुद्ध म्हणून फौजदार येणार, तीन काढली तर मालक. शेवटी त्यानेच तोड काढली की हात मागच्या बाजूने दाखवायचा, म्हणजे बोटं मोजता येणार नाहीत. मालक जरा घुटमळून हो म्हणाले.

निकांद्रला एकच दिवस मिळाला. तीन दगडांवरचा तळहाताएवढा भाग त्याने खरवडला, बारीक वाळूने घासला, आंबट पाण्याने धुऊन दगड पुन्हा शाई धरेल असा केला आणि काढायला बसला. मी पलीकडच्या टेबलाशी होते. त्या दिवशी तो कामात हसत होता. चाळीस वर्षांत त्याला कुणी दगडावर हसताना पाहिलं नसेल. मला वाटलं, मालकाला बोटांवरून बनवलं म्हणून हसतोय.

पहिली प्रत निघाली तेव्हा ल्युबिमने भिंग लावून फक्त बोटं बघितली. मोजता येत नाहीत याची खात्री झाली आणि त्याने सुटकेचा श्वास टाकला. यंत्रावरच्या दोघांनीही बोटंच बघितली. निकांद्रने नेहमीप्रमाणे बघितलंच नाही. यंत्र सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे तक्ते माझ्याकडे सोन्याला आले. तसबिरीतल्या देवमातेच्या डोक्यामागचं वलय आजीच्या हाताच्या अगदी वर होतं. पन्नासेक कागद मी असेच भराभर केले. मग एका कागदावर पूड सांडली, ती झटकताना माझी नजर हातावर थांबली. काहीतरी खटकत होतं. मी सशाचा पाय खाली ठेवला आणि स्वतःच्या कपाळाकडे हात नेऊन बघितला. मग आजीच्या जागी स्वतःला बसवून पुन्हा नेला. आजी डाव्या हाताने खूण करत होती.

गोरोदिलोवच्या तक्त्यावर, देवमातेच्या खाली, सैतानाची खूण, आणि ती तीनशे वेळा.

कागद शालीखाली धरून मी निकांद्रकडे गेले आणि हळूच म्हणाले की हात चुकलाय. तो म्हणाला, माझा हात चुकत नाही, जाऊन खोक. मी कागद त्याच्या दगडावर ठेवला. त्याने चष्मा वर केला, खाली केला आणि कागदाकडे असा बघत राहिला की जणू तो कुणा दुसऱ्याने काढलाय.

"दगडावर तिचा उजवा आहे," तो म्हणाला.

"दगडावर असेल. कागदावर डावा आहे."

तेव्हा मला कळलं तो का हसत होता. त्याच्यासाठी कागद नव्हताच, होता तो फक्त दगड. आणि त्या दगडावर त्याने तिला उजवा हात परत दिला होता. एक दिवसभर ती बरी झाली होती आणि तो तिच्यासमोर बसून होता. मला त्याच्या डोक्यात काहीतरी हाणावंसं वाटलं आणि रडूही आलं. पण दोन्हीला वेळ नव्हता, कारण अंगणात मालकाची बग्गी थांबली होती.

मालक सरळ माझ्या टेबलाकडे गेले आणि वरचा तक्ता उचलला. ल्युबिम मागे उभा राहून बोटं कशी झाकली गेली आहेत ते सांगत होता. सांगता सांगता गप्प झाला. यंत्रावरच्यांनी चाक थांबवलं.

"हे कुणी केलं?" मालकांनी विचारलं.

निकांद्र पुढे आला. हात चुकला, म्हणाला.

"चाळीस वर्षं तुझा हात चुकला नाही," मालक शांतपणे म्हणाले. "आणि आज, आमच्या धर्माची गोष्ट आली तेव्हा बरोबर चुकला. तू आमची थट्टा केलीस, निकांद्र. तीन बोटांवाल्यांनी बसून बेत केला आणि माझ्याच तक्त्यावर माझ्या तोंडाला काळं फासलंत."

निकांद्र म्हणाला, थट्टा नाही. मग काय, असं मालकांनी विचारलं. पुन्हा विचारलं. तो दगडाची कड चोळत राहिला. ल्युबिमने संधी साधली. रीगाचा एक जर्मन चित्रकार कधीपासून जागा मागतोय, तो आरसा ठेवून काम करतो, चुकत नाही, असं तो म्हणाला. मालकांनी मान हलवली. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर, आणि फौजदाराला काय सांगायचं ते मी सांगेन, म्हणाले.

खोली रिकामी करायची म्हणजे फेव्रोन्यामावशीला खुर्चीसकट रस्त्यावर ठेवायचं. आमच्या खोल्या छापखान्याच्या होत्या. आणि देवाची विटंबना केल्याचा ठपका घेऊन आलेल्या माणसाला क्ल्याझ्मेच्या काठी कुठल्याच गिरणीने दारात उभं केलं नसतं. एक वाक्य बोलला असता तर तो सुटला असता, पण ते वाक्य बोलायला तो तयार नव्हता, कारण ते त्याच्या बायकोचं होतं.

मग मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मालक, ही त्यांची बायको आहे. तीन वर्षं तिचा उजवा हात हलत नाही. घरी एकटी असली की ती डाव्याने खूण करते, लपून. यांनी ते बघितलंय. दगडावर तिला डावा हात काढायचं यांच्याच्याने झालं नाही. उजवा काढला. एवढंच झालंय."

सगळा छापखाना ऐकत होता. निकांद्रने माझ्याकडे बघितलं. तसं पुन्हा कुणी माझ्याकडे बघू नये. आम्ही दोघांनी सांभाळलेली गोष्ट मी चुलीत घातली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती पाणवठ्यावर पोचणार हे त्यालाही कळत होतं.

मालकांनी तक्ता खिडकीपाशी नेला. बाईचा चेहरा बघितला. मग भिंतीवरचे जुने तक्ते एकेक करून बघितले, गवत कापणारी, मूलवाली, समोवारवाली. परत आले तेव्हा त्यांच्या आवाजात काही मऊपणा आला होता असं मी म्हणणार नाही.

"खरं असेल तर काढ," ते म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. दगडावर डावा हात, कागदावर उजवा. संध्याकाळच्या घंटेच्या आत तिन्ही दगड. झालं तर राहशील. नाही झालं तर ते खोटं होतं असं मी समजेन."

त्यांनी खुर्ची मागवली आणि निकांद्रच्या समोर बसले. ल्युबिमने आंबूस क्वासचा पेला पुढे केला. तो त्यांनी परत पाठवला, ते आमच्या भांड्यातलं पीत नसत.

निकांद्रने खरवडणी घेतली. सगळ्यात आधी त्याला तो उजवा हात पुसायचा होता, स्वतःच्या हाताने. पात्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. खरवडून झालं, वाळू झाली, पाणी झालं. दगड पुन्हा कोरा झाला आणि त्या कोऱ्या जागेपुढे तो लेखणी धरून बसला. लेखणी दगडाला टेकत नव्हती. ल्युबिमने आरसा आणून ठेवला. निकांद्रने तो पालथा घातला. एक तास गेला असेल. मालक त्याच्या हाताकडे बघत होते, मी त्याच्या कानाकडे. त्याचे कान लाल झाले होते.

"कशाची वाट बघतोस?" मालकांनी विचारलं.

नेमका तेव्हाच माझ्या घशात खोकला आला. मी तोंडावर रुमाल दाबला, श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दाराकडे जायचं तर मालकांच्या समोरून जावं लागणार.

"खोकून घे," निकांद्र म्हणाला. "आणि इकडे ये."

मी पोटभर खोकले आणि गेले. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मी एकदाच बघितलंय," तो म्हणाला. "दारातून. तू रोज बघतेस. कसा उचलते ती?"

मला आधी कळेना. मग कळलं. मी सांगायला लागले. मान आधी खाली जाते. डावा खांदा थोडा पुढे येतो, कारण उजवीकडे झुकायची तिला भीती वाटते. कोपर अंगाला चिकटलेलं. बोटं कपाळापर्यंत पोचता पोचता थरथरतात, म्हणून ती शेवटी मान हातापर्यंत नेते. निकांद्र ऐकत होता आणि लेखणी टेकली. मी बोलत राहिले आणि तो काढत राहिला. मधेच विचारायचा, मनगट असं की असं? मी दाखवायचे. भर छापखान्यात, मालकांसमोर, मी डावा हात कपाळाकडे नेत होते. मालकांनी एकदा डोळे मिटले, पण मला थांबवलं नाही.

पहिला दगड झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर काळ्या रेघा होत्या, सगळ्यात अवघड. चर्चचा घंटावाला वर चढताना आमच्या खिडकीतून दिसतो. तो जिन्यावर दिसला तेव्हा करंगळीची रेघ राहिली होती. यंत्रावरच्यांपैकी एकजण नकळत पुटपुटायला लागला. रेघ पुरी झाली, निकांद्रने लेखणी खाली ठेवली, आणि त्यानंतर घंटा झाली.

पहिली प्रत निघायला आणखी तासभर गेला. मालक उठले नाहीत. ओला कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला. आजी उजव्या हाताने खूण करत होती, मान हाताकडे झुकवून, अशी की तिच्यासमोर कुणी बोटं मोजायला बसलं नसतं. मालकांनी स्वतः दोन बोटांनी खूण केली आणि म्हणाले, "छापा." जाताना चुकीचे तीनशे तक्ते त्यांनी बॉयलरमध्ये घालायला लावले आणि शेवटचा जळेपर्यंत तिथे उभे राहिले.

त्या वर्षी निझनीला तो तक्ता दुकानादुकानांवर लागला. अजूनही कुठल्या चहाच्या दुकानात, धुराने पिवळा झालेला, मला तो दिसतो. निकांद्र आणि मावशी दोघंही आता नाहीत. बायकांनी मावशीला नावं ठेवली, दोन घरांनी आमच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी भरणं बंद केलं, आणि त्याला कारण मीच होते. निकांद्रने त्यावरून मला कधी बोल लावला नाही. माफ केलं असंही कधी म्हणाला नाही.

पण त्या संध्याकाळी ल्युबिम पाठमोरा असताना निकांद्रने ती पहिली प्रत गुंडाळली आणि कोटात घातली. आयुष्यात पहिल्यांदा तो कागद घरी नेत होता. मी कढणाचं भांडं घेऊन मागोमाग गेले. त्याने कागद मावशीच्या मांडीवर उलगडला.

मावशी बघत राहिली. रंग अजून ओला होता, म्हणून तिने बोट लावलं नाही, वरूनच फिरवलं. चेहऱ्यावरून, रुमालावरून, मग हातावरून.

"ही मीच की," ती म्हणाली. "हात किती छान वर गेलाय माझा."

निकांद्र रोजच्यासारखा तिच्यासमोर उभा राहिला आणि तिचा उजवा हात घ्यायला वाकला. चित्रातली मान कशी झुकली आहे, कोपर कसं अंगाला चिकटलं आहे, ते मावशीने तोवर ओळखलं होतं. ती काही वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे ना."

आणि त्याच्या डोळ्यांदेखत, दाराकडे न बघता, तिने डावा हात उचलला. मान खाली गेली, बोटं थरथरली, कपाळाला लागली. निकांद्र तिच्यासमोर उभा होता आणि शेवटपर्यंत बघत होता.